ओळ झेलणारा

ऐकू येत नाही म्हणून माणूस कानाच्या डॉक्टरकडे जातो. नंदकुमार वैशंपायन गेले, आणि त्यांना तिथे गाणं ऐकू आलं.

वाशीतला कान-नाक-घशाचा दवाखाना. श्रावण सरत आलेला. बाहेर पाऊस पडत होता, थांबत होता, पुन्हा काहीतरी आठवल्यासारखा पडत होता. कोपऱ्यात ओल्या छत्र्यांचं तळं साचलेलं. समोरच्या खुर्चीवर गुलाबी लुगडं नेसलेल्या एक बाई बसल्या होत्या. पांढरेशुभ्र केस, कपाळ मोठं, गळ्याला मफलर. त्या डोळे मिटून स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होत्या — इतक्या खालच्या सुरात, की शेजारच्या मुलीने मोबाइलमधून मानसुद्धा वर केली नाही.

नंदकुमारांच्या बोटांनी मात्र ऐकलं. उजवा हात आपोआप गुडघ्यावर गेला आणि पट्ट्या दाबू लागला.

बाईंनी डोळे उघडले. पाहिलं. पुन्हा पाहिलं.

“काय वो, गुडगा दुखतो का?”

“अं? नाही... वाजवत होतो.”

“गुडगा?”

“पेटी. म्हणजे... तुम्ही जे गुणगुणत होता ना, ते.”

“आता काय बोलाचा!” बाई मोकळ्या हसल्या. “यवरा हलू गायलेला ऐकाला येतंय, तं कानवाल्याकडं कशाला आलाव?”

नंदकुमार गोरेमोरे झाले. अडुसष्टाव्या वर्षीही त्यांना हे जमत असे. “मला खालचं सगळं ऐकू येतं. वरचं गेलं. दाराची बेल, कुकरची शिट्टी, बासरी...”

“माजा उलटा.” त्यांनी मफलरवरून हात फिरवला. “माजा वरचा गेला. खालचा तेवढा ऱ्हायला.”

मग बाई म्हणाल्या, “मंग आपला बरा जमंल!” आणि म्हणून झाल्यावर आपण काय बोललो ते लक्षात येऊन एकदम भिंतीवरच्या घशाच्या चित्राकडे बघू लागल्या.

आत गेल्या, बाहेर आल्या. तोवर चेहरा बदलला होता. नंदकुमारांनी धीर करून विचारलं, “काय म्हणाले?”

“गाठी हायत गल्याला. बोलतो, वर चढाचा नाय. ओरडाचा नाय. लग्नात गावाचा तं नावच काढाचा नाय.” त्यांनी पिशवी काखेत मारली. “माज्या नातीचा लगीन हाय तुलशीच्या लग्नामागं. गानार मी.”

“पण डॉक्टर—”

“त्याच्या लग्नात नाय गानार.”

खाली रिक्षापर्यंत जायचं होतं. छत्री फक्त नंदकुमारांकडे. त्यांनी ती पूर्ण बाईंच्या डोक्यावर धरली आणि स्वतः खांद्यापासून कोपरापर्यंत भिजत निघाले.

“मधी धरा वो छत्री! मी काय पालखीतली देवी हाय?”

छत्री मध्ये आली. त्याबरोबर दोघंही जरा जवळ आली. तेवढ्या रस्त्यात कळलं ते एवढं : नाव जाईबाई म्हात्रे, राहणार तळवली, आणि त्या धवलारीन. आगरी लग्नात मांडवापासून हळदीपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं म्हणणारी, ते धवले तोंडपाठ असणारी बाई.

“भटजी नसला तरी आमच्यात लगीन लागायचा पूर्वी. धवलारीन नसली तर नाय. तुमी कोन?”

“मी... वैशंपायन.”

“म्हंजे भटजीच!” जाईबाई रिक्षात बसता बसता इतक्या हसल्या, की डॉक्टरने ऐकलं असतं तर पुन्हा वर बोलावलं असतं. मग रिक्षा सुटायच्या आत बाहेर डोकावून म्हणाल्या, “पेटी घेऊन या, मास्तर. गुडग्यावर नीट ऐकाला नाय आला मना.”

*

नंदकुमारांनी चाळीस वर्षं पेटीची साथ केली. नाटकं, मैफली, दौरे. पोस्टरवर त्यांचं नाव असायचं, तळाशी, ‘साथ’ या शब्दापुढे. विशीत त्यांना गायचं होतं. एका मोठ्या गवयाने दोन ओळी ऐकल्या आणि सगळ्यांदेखत सांगितलं, “तुझा गळा पेटीतच ठेव, बाळ.” त्यांनी ठेवला. पुढे कधी न्हाणीघरातही काढला नाही. बायको गेल्यावर ते लेकीकडे, खारघरला राहायला आले, तेव्हा पेटी कपाटावर चढली.

ती खाली उतरलेली पाहून अबोली चकितच झाली.

“बाबा, कुठे?”

“तळवलीला. जरा... एका बाईंना सूर द्यायचाय.”

“सूर द्यायचाय,” अबोली म्हणाली. “आणि इस्त्रीचा सदरा कोणाला द्यायचाय?”

बेलापूरला बस बदलून, मांडीवर पेटी घेऊन ते तळवलीला पोचले. जाईबाईंचं जुनं घर पाडून मुलाने, दिपेशने, पाच मजल्यांची इमारत उभी केली होती. पण तळमजल्यापुढचा ओटा जाईबाईंनी हलू दिला नव्हता. त्यावर चटई होती, आणि उकड्या तांदळाच्या पेजेचा वास.

“सुरू करा,” नंदकुमार म्हणाले आणि भात्यावर हात ठेवला.

जाईबाईंनी डोळे मिटले. एक ओळ म्हटली. थांबल्या.

नंदकुमारही थांबले.

कावळा ओरडून गेला. समोरच्या गल्लीतून टेम्पो गेला. जाईबाई एक डोळा उघडून पाहतायत, नंदकुमार बोटं पट्टीवर ठेवून पाहतायत.

“वाजवा ना!” शेवटी जाईबाई म्हणाल्या.

“तुम्ही पुढे गा ना!”

“मी कशी पुडं जाऊ? मी ओल टाकली. ती कोनी झेलल्याबिगर पुडची येत नाय.”

“आणि मी गाणाऱ्याच्या पुढे कसा जाऊ? आयुष्यात गेलो नाही.”

मग दोघांनाही हसू फुटलं. धवल्याची रीतच तशी. धवलारीन ओळ टाकते, दुसरी बाई तीच ओळ जशीच्या तशी झेलते, की पहिलीला श्वास मिळतो आणि पुढची ओळ सुचते. जाईबाईंची ओळ गिरजाबाईने झेलली, दोघी नव्या नवऱ्या होत्या तेव्हापासून. गेल्या वर्षी गिरजाबाई वारली. तेव्हापासून जाईबाई गायल्या नव्हत्या.

“शब्द बदलाचा नाय, सूर सोडाचा नाय, घाई कराची नाय. गिरजा अशी झेलायची, की आपलीच ओल धुऊन परत दिल्यासारखी वाटायची.” त्या ओट्याच्या रिकाम्या कडेकडे पाहत म्हणाल्या. “आता दिपेस बोलतो, आये, आवाज गेलाय तुजा, लोक हसतील. हलदीला डीजे सांगलाय त्यानी. त्याचा पन चुकत नाय. जुने धवले उंच हायत. तिथं मी पोचत नाय.”

“मग तिथे जायचंच कशाला?”

जाईबाईंनी मान वळवली.

नंदकुमारांना स्वतःच्याच बोलण्याची भीती वाटली, पण पेटीवर हात असला की त्यांना थोडा धीर येई. “तुम्ही पूर्वी काळी पाचमध्ये गात असणार. आता इथे...” त्यांनी बरीच खालची एक पट्टी दाबून धरली. पांढरी तीन. “इथे या. ही जागा तुमची आहे आता. जुनी गाणी इथे जड वाटतील. म्हणून नवीन करायची. ह्या आवाजाची.”

“या वयात नवा गानं?”

“ह्या वयाशिवाय हा आवाज आला असता का?” आणि मग, अगदी हळू : “तुमचा आधीचा आवाज असता, तर मला ऐकूच आला नसता.”

जाईबाईंनी लुगड्याचा पदर उगाच नीट केला. मग त्या पट्टीत एक हुंकार दिला. जाड, खरखरीत, खाडीच्या गाळासारखा गार. नंदकुमारांच्या पाठीवर सरसरून काटा आला. चाळीस वर्षांत इतके गळे ऐकले; असा नव्हता ऐकला.

*

मग आठवड्यातून दोनदा, तीनदा, शेवटी रोजच. कधी वालाची उसळ व्हायची, कधी नुसता बिनदुधाचा चहा. पाऊस ओसरला, ऑक्टोबरचं ऊन तापलं, गाणं वाढत गेलं.

नमिता, जाईबाईंची नात, खारघरला चौदाव्या मजल्यावर नांदायला जाणार होती. जुन्या धवल्यांत भातखळं होतं, अंगण होतं, उंबरठा होता. “तिच्या घराला उंबरठा नाय, मास्तर. नुसता दरवाजा. बगून आली मी. मंग खोटा कशाला गाऊ?” आणि त्यांनी लिफ्ट गाण्यात घातली.

लोखंडाचा पालना चढतो आभाला गो चढतो आभाला
लेक माजी चालली चवदाव्या माल्याला

नंदकुमारांनी हात थांबवून पाहिलं. “लिफ्टला पाळणा?”

“मंग काय बोलू? आत उबा ऱ्हायला तं पोटात तसाच गुदगुल्या होतात. तुमाला नाय होत?”

“होतात,” नंदकुमार म्हणाले. हल्ली त्यांना लिफ्टशिवायही होत होत्या. ते त्यांनी सांगितलं नाही.

खिडकीतना दिसंल गो खाडीचा पानी गो खाडीचा पानी
वारा आनंल तुना आजीची गानी

असं एकेक कडवं जमत गेलं. एकच, शेवटचं, येत नव्हतं. “येल त्याचा तो,” जाईबाई म्हणायच्या आणि विषय बदलायच्या.

दिपेश एकदा ओट्यापाशी गाडी लावून उभा राहिला. माणूस चांगला, पण गावाला भ्यायचा. “मास्तर, राग मानू नका हां. लोक विचारतात, रोज कोन येतंय म्हनून. परत आयेच्या गल्याला त्रास झाला तर? टेन्शन येतं हो.”

नंदकुमार पेटीची कडी लावू लागले. अशा वेळी उठून जाणं त्यांना फार चांगलं जमे.

“बसा खाली,” जाईबाई म्हणाल्या. मग मुलाकडे वळून : “इचारतील त्याना सांग, आयेचा रियाज चाललाय. तुज्या लग्नात पाटंपासून रातीपर्यंत गायले, तवा कोनी इचारला नाय, गल्याला त्रास होतो का. नमीच्या हलदीला पयला माजा धवला. मंग तुजा डीजे वाजू दे.”

“आये, नाय जमला तर?”

“तर समद्यांसमोर नाय जमनार. ओट्यावर बसून नाय जमल्यापरीस ता बरा.”

दिपेश गाडीत बसला. काच खाली करून म्हणाला, “डीजेच्या आधी. पन एकच गानं.”

एक अडचण राहिली होती. ओळ झेलणार कोण? पेटी शब्द बोलत नाही.

“मास्तर, तुमीच झेला की.”

“मी?” नंदकुमारांच्या हातून भाता सुटला. “नाही, नाही. मी गात नाही.”

“कोन बोलला?”

“एक मोठे गवई होते—”

“हायत का अजून?”

“नाही. वारले कधीचे.”

“मंग अजून कोनाला भिताव?”

नंदकुमार पट्ट्यांवरची धूळ पुसत राहिले. धूळ नव्हतीच. जाईबाई पाहत राहिल्या आणि मग उठून आत गेल्या. चहा आला, पण तो आणून देणारी नमिता होती.

“मास्तर, आजीला काय बोललात?” नमिताने कुजबुजत विचारलं.

“काहीच नाही.”

“तेच ना!” ती म्हणाली.

शेवटी गिरजाबाईची धाकटी बहीण काशी झेलायला तयार झाली. नंदकुमारांना सुटल्यासारखं वाटलं. आणि त्याहून जास्त, काहीतरी हातातून सुटल्यासारखं.

*

हळदीची संध्याकाळ. इमारतीपुढे मांडव, उंबराची फांदी, आंब्याचे डहाळे. एका बाजूला डीजेचे काळे खोके माणसाहून उंच रचलेले. पिवळ्या साड्यांचा पूर लोटलेला. पाटावर नमिता. अबोलीही आली होती, आणि बापाच्या सदऱ्याची इस्त्री पाहून काही न बोलता हसली होती.

जाईबाई पाटाशेजारी बसल्या. मफलर काढून ठेवला. एका अंगाला काशी, एका अंगाला नंदकुमार आणि पेटी. खोक्यांमागून डीजेवाला घड्याळ बघत होता.

नंदकुमारांनी पांढरी तीन धरली.

जाईबाईंनी ओळ टाकली. “लोखंडाचा पालना चढतो आभाला गो चढतो आभाला...”

तो आवाज मांडवात पसरला आणि बोलणारी माणसं बोलता बोलता थांबली. असा आवाज कोणी धवल्यात ऐकला नव्हता. त्यात गोडवा नव्हता, वजन होतं. ओळ संपली. जाईबाई थांबल्या. झेलणारीसाठी.

काशीने पदर तोंडावर घेतला.

“झेल ना,” जाईबाई पुटपुटल्या.

“लिफ्टचा धवला?” काशी पदराआडून म्हणाली. “मना वाटला, गमतीन गातंस. देवाच्या गान्यात लिफ्ट आनतंस! जुना घे, झेलतंय. यो नाय झेलनार मी.”

मागे कोणीतरी फिसकन हसलं. दिपेशने कपाळावरचा घाम पुसला आणि डीजेवाल्याकडे पाहिलं. डीजेवाल्याने हात बटणावर नेला. जाईबाई ताठ बसून होत्या. त्यांची ओळ हवेत तशीच लोंबकळत राहिली होती, आणि ती कोणी घेतल्याशिवाय पुढची येणार नव्हती. जुना धवला घेतला असता तर सगळं निभलं असतं. त्यांनी घेतला नाही. त्या नंदकुमारांकडेही पाहत नव्हत्या. तेच नंदकुमारांना फार लागलं. या बाईने आपल्याकडून अपेक्षाच सोडली होती.

ओट्यावरची ती पहिली दुपार त्यांना आठवली. ती थांबलेली, आपण थांबलेले, मधून टेम्पो जातोय. सगळं आयुष्य हे असंच गेलं. कोणीतरी पुढे जाईल, मग आपण मागून.

नंदकुमारांनी तोंड उघडलं.

आवाज फाटला. तो इतकी वर्षं पेटीत होता, गंजणारच. पण सूर पांढरी तीनचाच होता आणि शब्द तेच होते. “लोखंडाचा पालना... चढतो आभाला गो... चढतो आभाला...” एका सप्तकाने खाली, सावकाश, घाई न करता.

जाईबाईंची मान हळूच वळली. डोळ्यांत पाणी नव्हतं. चमक होती, आव्हान दिल्यासारखी. खोल श्वास घेऊन त्यांनी दुसरी ओळ टाकली. नंदकुमारांनी झेलली. तिसरी टाकली, झेलली. खिडकीतलं खाडीचं पाणी आलं तेव्हा नमिता पाटावर हुंदका देऊन रडू लागली आणि तिच्या मैत्रिणी आपसूक टाळ्यांचा ठेका धरू लागल्या. “वारा आनंल तुना आजीची गानी” ही ओळ नंदकुमारांबरोबर आणखी कोणीतरी झेलली. त्यांनी पाहिलं. काशीचा पदर तोंडावरून खाली आला होता.

डीजेवाला खोक्यांमागून पुढे येऊन, हाताची घडी घालून ऐकत उभा होता.

गाणं इथे संपायचं होतं. नंदकुमारांनी भाता मंद केला. पण जाईबाईंनी त्यांच्या हाताला दोन बोटं लावली. थांबू नका. आणि त्या गाऊ लागल्या, जे ओट्यावर कधी गायलं नव्हतं ते :

खाली आला माजा सूर, खाली आला गो खाली आला
कोन्या एका पेटीवाल्यान वरचेवर झेलला

मांडवात क्षणभर कळलं नाही. मग बायकांच्या बाजूने “अगं बाय!” असा एक हलकासा चीत्कार उठला. दिपेश जमिनीकडे बघू लागला. अबोलीने दोन्ही हात गालांवर ठेवले.

आणि जाईबाई थांबल्या. ओळ टाकून, समोर बघत, रीतीप्रमाणे.

झेलायला तर हवी होती. शब्द बदलायचा नाही, सूर सोडायचा नाही, घाई करायची नाही. काशी गप्प होती. ही ओळ आपली नाही, एवढं तिलाही समजत होतं. नंदकुमारांचे कान तापून लाल झाले होते. त्यांनी पेटीवरचे हात उचलले. आता पाठीमागे लपायला पेटीही नको.

“खाली आला... तुजा सूर... खाली आला गो खाली आला,” ते गायले. “तुज्या... पेटीवाल्यान... वरचेवर झेलला.”

शब्द बदलला होता. धवल्यात झेलणाऱ्याने कधी केली नाही ती चूक सगळ्या गावासमोर झाली होती. ‘कोन्या एका’चं ‘तुज्या’ झालं होतं, आणि ‘तुम्ही’चं ‘तू’.

झेलणाऱ्याची ओळ कोणी झेलत नाही. तशी रीतच नाही. त्यामुळे ती ओळ आता हवेत एकटी राहिली, आणि नंदकुमार आयुष्यात पहिल्यांदा पुढे जाऊन, मागून कोणी येतंय का याची वाट पाहत बसले.

जाईबाईंनी पदर सावरला. गळ्यावरून हात फिरवला. मग पांढरी तीनमध्ये, अगदी खाली, नंदकुमारांना नीट ऐकू जाईल अशा जागी, त्यांनी ती ओळ झेलली :

“माज्या पेटीवाल्यान... वरचेवर झेलला.”